काळी बाजू, लाल बाजू

१

शेड म्हणजे फार काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून बारा पावलांवर, नऊ बाय दहा फुटांची पत्र्याची खोली. आजोबांच्या वेळी तिथे तांदळाची पोती असायची. नंतर आईची मुळ्याच्या लोणच्याची पिंपं, बर्फ काढायची फावडी, मोडक्या सायकली. दोन वर्षांपूर्वी दादाने ठरवलं की तिथे वर्कशॉप करायचं. बर्फ उडवायची यंत्रं, भातलावणीची यंत्रं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या स्कूटर, जे मिळेल ते दुरुस्त करायचं. शिगेकी आणि मासातो, दोघं भाऊ, कोणाची नोकरी नको.

दादा गेला आणि अर्धं राहिलेलं ते काम मी हातात घेतलं. मला दुसरं काही येत नाही. शाळा मी मध्येच सोडली होती.

खांबांच्या मधे थर्माकोल भरला, वरून प्लायवूड ठोकलं. टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर लावलं, कारण ते उघडं असताना स्कूटर आत येत नाही आणि स्कूटर आत असताना ते उघडत नाही. हे दादाने वहीत आधीच काढून ठेवलं होतं. समोरच्या भिंतीवर त्याचा हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. पाना उचलला की भिंतीवर पान्याची पांढरी सावली राहते. काय जागेवर नाही ते दारातूनच कळतं. आम्ही दोघं कामाला होतो त्या कारखान्यात असंच शिकवलं होतं.

शेजारचा ओगाता रोज कुंपणावरून डोकवायचा.

"काय रे, गॅरेज करतोस की कोंबड्यांचं खुराडं?"

"तुमच्यासाठीच करतोय. अंडी द्याल ना?"

"तुझा दादा असता तर मला आधी चहा विचारला असता," तो म्हणायचा, आणि मी परत खिळे ठोकायला लागायचो.

आईला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुसऱ्याने अगदी थोडं; समोरच्याचे ओठ बघून ती भागवते. शेडमध्ये कोण आहे हे तिला हाका मारून कळणार नाही. म्हणून दादाने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी दोन लाकडी पाट्या टांगल्या होत्या. एक दादाची, शिगेकी; एक माझी, मासातो. एका बाजूला नाव काळ्या शाईत, दुसऱ्या बाजूला लाल. शेडमध्ये जाताना काळी बाजू पुढे करायची. बाहेर आलं की लाल. हेही कारखान्यातलंच.

दादा जाऊन वीस दिवस झाले होते. सकाळी मी बूट घालत होतो. माझी पाटी लाल होती. ती उलटायला हात वर केला आणि थांबलो.

दादाची पाटी काळी होती.

२

पाटीचं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका पत्रे दाबायच्या कारखान्यात होतो. फाटकाजवळ मोठा फळा, त्यावर बावीस जणांच्या पाट्या. आत असलं की काळी, घरी निघालं की लाल. आम्ही दोघं रोज एका स्कूटरवर जायचो यायचो, म्हणून जो आधी फळ्याशी पोचेल तो दोन्ही पाट्या उलटायचा. असं करायचं नसतं. ज्याची पाटी त्याने उलटायची. पण भाऊ-भाऊ म्हणून कोणी बोलत नसे.

त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं, तुझ्या खुराड्यात मी आयुष्य घालवणार नाही, मी तोक्योला जातो. तो म्हणाला, "जा ना. तिकडे तरी नाक पुसायला शीक." मी रागाने निघालो. फळ्याशी आलो. हात आपोआप गेला. माझी पाटी उलटली, त्याचीही उलटली, आणि पायीच घरी आलो.

दादा मोठ्या प्रेसच्या आत गुडघ्यावर बसून साचा पुसत होता.

दिवस संपला की तोगाशीकाका, आमचे मुकादम, फळा बघतात आणि मोठी प्रेस दोनदा रिकामी चालवतात. आतलं तेल फिरावं म्हणून. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, "सगळे लाल, ठीक." मग बटण दाबलं.

अपघाताच्या कागदावर असं आलं की शिगेकी साकात्सुमे याने पाटी उलटल्यावर परत आत जाऊन निष्काळजीपणा केला. आठव्या दिवशी आई मिठाईचा डबा घेऊन कारखान्यात गेली. माझ्या मुलामुळे तुम्हाला त्रास झाला म्हणून कमरेत वाकून माफी मागितली. मी तिच्या मागे उभा होतो. मीही वाकलो.

बोललो नाही.

३

आधी मला वाटलं, आईनेच पाटी उलटली असेल. आईची माया. मी ती लाल केली. दुसऱ्या दिवशी परत काळी. तिसऱ्या दिवशी आईच मला म्हणाली,

"मासातो, असं करू नकोस रे."

"काय?"

"त्याची पाटी. मी रात्री झोपताना लाल करते आणि तू सकाळी काळी करून ठेवतोस. जीव तुटतो माझा."

ती समोर भाकरीसारखा तांदळाचा गोळा थापत होती. तिचे हात थांबले नव्हते. मी म्हटलं, "बरं."

मी डोकं चालवलं. भोक मधोमध नसेल, एक बाजू जड असेल, दार आपटलं की दोरी पिळत असेल. मी पाटी काढून बोटावर तोलली. बरोबर मधोमध भोक. मग दार वीस वेळा आपटलं. आईला ऐकू आलं नाही पण जमीन हादरली म्हणून ती बघायला आली. "वेड लागलंय का?" म्हणाली. पाट्या हलल्या, लाकडावर लाकूड टक-टक वाजलं, पण उलटली एकही नाही.

मग मी चिकटपट्टी आणली. दादाची पाटी लाल बाजू पुढे ठेवून भिंतीला चिकटवली. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, नखाने दाबून.

सकाळी पाटी काळी होती. पट्ट्या भिंतीवर नव्हत्या. त्या मला शेडमध्ये सापडल्या, हत्यारांच्या फळ्याच्या कडेला नीट लावून ठेवलेल्या. दोन्हीचं एकेक टोक आत दुमडलेलं.

टोक दुमडायची सवय दादाची. पुढच्या वेळी नखाने कुरतडायला नको म्हणून. आईला ती सवय नाही. मला तर नाहीच. मी दातांनी तोडतो.

त्यानंतर मी पाटीला हात लावला नाही. आईलाही म्हटलं, राहू दे, एकोणपन्नास दिवस होईपर्यंत राहू दे. आमच्याकडे म्हणतात तोवर माणूस घराच्या आसपासच असतो. आई म्हणाली, "मग शेड तेवढ्यात पुरी कर. बघून जाईल."

४

तिसाव्या दिवशी तोगाशीकाका संत्री घेऊन आले. साठीचा माणूस महिन्याभरात सत्तरीचा दिसत होता. देव्हाऱ्यात दादाचा फोटो होता, समोर भाताची वाटी. काकांनी उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि हात जोडून इतका वेळ बसले की आईने मला खुणेने विचारलं, झोपले की काय?

मी त्यांना शेड दाखवायला नेलं. त्यांनी टेबलाची बिजागरी वाजवून बघितली, फळ्यावरच्या पांढऱ्या आकारांवरून नजर फिरवली.

"शिगेकीचं काम," ते म्हणाले. "हा हातमोजा?"

कडेच्या खिळ्यावर दादाचा पांढरा सुती हातमोजा होता. डाव्या हाताचा. हॉस्पिटलमधून पिशवीत टोपी आणि तेवढा एक मोजा आला होता. उजवा आला नाही. का ते आम्ही विचारलं नाही.

"एकच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मोजा खिळ्यावर सरळ केला. "त्या दिवशी मी पाट्यांच्या फळ्याकडे बोट दाखवलं," ते म्हणाले. "प्रेसकडे दाखवायला हवं होतं. वाकून विचारायला हवं होतं, आत कोण? चाळीस वर्षं पोरांना तेच शिकवलं मी. तो तर रोज करायचा."

तो करायचाच. या शेडचं दार लावतानासुद्धा दादा बाहेर उभा राहायचा, हात लांब करून बोट आत रोखायचा आणि विचारायचा, "आत कोण?" मी त्याच्या शेजारीच उभा असलो तरी. मी कधीकधी चेष्टेने "तुझी बायको" म्हणायचो. तो हसायचा नाही. उत्तर नाही आलं की म्हणायचा, "कोणी नाही, ठीक." मगच दिवा बंद.

"तू त्या दिवशी त्याच्या आधी निघालास ना?" तोगाशीकाकांनी विचारलं.

"हो."

"त्याची पाटी तेव्हा कशी होती? काळी होती का?"

त्यांना फक्त तेवढंच हवं होतं. मी सांगितलं असतं तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड थोडा तरी हलला असता. माझ्या छातीवर आला असता.

"बघितलं नाही," मी म्हटलं.

खिळ्यावरचा हातमोजा हलला. वारा असेल. दार उघडं होतं.

५

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सकाळी फक्त रंगाचं काम राहिलं होतं. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि घराच्या छपरावर माणूसभर साचलं होतं. ओगाता आणि तोगाशीकाका दहा वाजता छप्पर मोकळं करायला येणार होते, आणि मागच्या उतारावरचं बर्फ सुटलं की घसरत थेट शेडवर येतं. मला माहीत होतं. दहाच्या आत बाहेर येईन असं ठरवून मी शेडमध्ये गेलो. माझी पाटी मी काळी केली होती. हे मी शपथेवर सांगतो. बोटाला लाकडाचा गारवा अजून आठवतो.

हत्यार टांगायच्या नव्या आकड्यासाठी एक पत्रा घासला. ग्राइंडर बंद केला, पण आवाज अडवणारे कानांवरचे जाड कप तसेच ठेवले, थंडीत बरे वाटतात. रॉकेलची शेगडी लाल झाली होती. मी जमिनीवर बसून फळ्याच्या खालच्या ओळीचे आकार रंगवत होतो आणि वेळेचं भान गेलं. फोन घरात चार्जिंगला होता.

आधी पाठीला धक्का जाणवला. मग खिडकी पांढरी झाली, मग काळी. दिवा गेला. डोक्यावरचा पत्रा कण्हला आणि खाली वाकला. मी कप काढले. काहीच ऐकू आलं नाही. चार फूट बर्फाखाली आवाज येत नाही.

दार ढकललं. भिंतीला ढकलल्यासारखं. ओरडलो. वरचे दोघं छपरावर, बर्फ ढकलत पुढच्या बाजूला गेलेले. आणि आई. आईला मी शेजारी बसून ओरडलो तरी धड ऐकू येत नाही.

हवा संपेल म्हणून शेगडी बंद केली. तिची जाळी लगेच विझत नाही, काही वेळ लाल राहते. तेवढाच उजेड होता.

मग टक असा आवाज झाला. लाकडावर लाकूड. पाट्या बारा पावलांवर, स्वयंपाकघरात. तो आवाज माझ्या शेजारी झाला.

मी स्वतःला म्हटलं, पत्रा वाजला. थंड झाला की वाजतो.

"आत कोण?"

ओरडून नाही. रोज विचारायचा तसंच, कामाच्या आवाजात. टेबलाच्या बाजूने.

तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघितलं. अंधारात खांद्याच्या उंचीवर एक पांढरा हातमोजा होता. एक बोट सरळ, बाकीची मिटलेली. बोट माझ्याकडे. मागे काही दिसत नव्हतं. लाल उजेड मोज्यापर्यंतच पोचत होता. पण अंगठा कोणत्या बाजूला आहे ते मला दिसलं.

तो उजवा होता.

"मी," मी म्हटलं. "मासातो."

बोट तसंच राहिलं. जाळी काळी पडत चालली होती.

"आत कोण?"

मी उत्तर दिलं होतं. परत का विचारतोय ते मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा मी रडत होतो, नाक पुसत नव्हतो.

"तू होतास," मी म्हटलं. "दादा, तू आत होतास. पाटी मी उलटली. तू नाही. मी उलटली."

जाळी विझली. काळोखात मी वाट बघत बसलो. विचारून झालं की शेवटी दादा नेहमी "ठीक" म्हणायचा.

तो म्हणाला नाही.

६

फावड्याचं पातं दाराच्या फटीतून आत आलं तेव्हा उजेडाने डोळे दुखले. फावडं आईच्या हातात होतं. स्वयंपाकाचा एप्रन, पायात घरातल्या सपाता, गुडघ्यापर्यंत ओली. तिच्या मागे ओगाता आणि तोगाशीकाका धावत येत होते.

ओगाताचा चेहरा कागदासारखा झाला होता. "मी दारातून बघितलं होतं," तो म्हणत होता. "दोन्ही लाल होत्या. काकांनी हाक मारायला सांगितली, तीही मारली. दोन्ही लाल होत्या, आईशप्पथ."

"लाल कुठल्या," आई म्हणाली. "मी चहाचं पाणी ठेवायला गेले तर दोन्ही काळ्या. दोघं आत. माझी दोन्ही पोरं आत आहेत आणि तुम्ही वरून बर्फ टाकताय." ती माझे हात, डोकं, कान चाचपत होती. "कुठे लागलं? बोल."

"आई, पाटी मी उलटली होती."

"काय?"

"कारखान्यात. दादाची पाटी. मी उलटली."

"मोठ्याने बोल. ऐकू येत नाही मला."

माझ्या आयुष्यात मी ते एकदाच बोलायचं ठरवलं असतं तर कोपऱ्यात, हळू आवाजात बोललो असतो. पण आईशी हळू बोलता येत नाही. मी तिच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो. दुसऱ्यांदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा समोरच्या घराची खिडकी उघडली.

"दादाने चूक केली नाही. तो आत होता आणि त्याची पाटी मी उलटली. रागात होतो. घरी येऊन जेवलो."

ओगाताने टोपी काढली. तोगाशीकाका होते तिथेच बर्फात बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईने फावडं बर्फात उभं रोवलं. माझ्याकडे बघितलं. मग ती सपाता फरफटत घरात गेली आणि मागचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी तिने पानं घेतली. जेवायला वाढलं. माझ्या ताटात तिने माशाचा डोक्याकडचा तुकडा वाढला, जो दादाचा असायचा.

झोपायच्या आधी म्हणाली, "परवा कारखान्यात जायचं. मिठाई मी आणते. या वेळी तू बोलायचंस. मी फक्त बरोबर येईन."

७

एकोणपन्नासाव्या दिवशी मठातले गुरुजी आले, मंत्र झाले, पाहुणे जेवून गेले. आईने दादाची पाटी स्वतः लाल केली. तळव्याखाली थोडा वेळ दाबून धरली. "जा आता," म्हणाली. "सगळं झालं."

दुसऱ्या दिवशी ती लालच होती. आजही लालच आहे. कारखान्यात मी बोललो. कागद बदलला. दादाच्या नावासमोरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द काढला. तोगाशीकाका आता रविवारी येतात आणि शेडमध्ये व्हाइसच्या पकडीत धरून काहीतरी घासत बसतात. फार बोलत नाहीत. डावा हातमोजा खिळ्यावर आहे.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

कारखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो नव्हतो. आई, मी, दोघं स्वयंपाकघरात. बाहेर अजून उजेड होता. सहज पाट्यांकडे लक्ष गेलं. दादाची लाल. माझी काळी.

मी लाल केली. पाणी प्यायलो. वळलो तर काळी.

आईने ते बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. सपाता घालून ती बाहेर गेली, मी मागोमाग. शेडचं दार उघडं होतं, दिवा चालू होता. आत हत्यारं आपापल्या पांढऱ्या आकारांवर, टेबल भिंतीला मिटलेलं, कोणी नाही. आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दादा उभा राहायचा तशी. तिने हात लांब केला आणि बोट आत रोखलं.

"आत कोण?" ती म्हणाली.

"मी," आतून आवाज आला. "मासातो."

माझा आवाज होता. रडवेला, नाक न पुसलेला, त्या अंधारातला.

मी आईच्या मागे उभा होतो. माझे ओठ मिटलेले होते.

आई उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबली. तिला ऐकू येत नाही.

"कोणी नाही, ठीक," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.